हद्दीत आहोत, यादीत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या युवक मेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



दाराशी उभ्या असलेल्या पोरांना पहिली विनंती, आत या. पुढच्या दोन सतरंज्या रिकाम्या आहेत. दरवर्षी वर्धापनदिनाला हे असंच होतं. मंडप तुम्ही घालता, पंचरंगी धम्मध्वज तुम्ही लावता, खिरीचं पातेलं तुम्ही उचलून आणता, आणि सभा सुरू झाली की दाराबाहेर जाता. संयोजकांनी आम्हाला 'तरुण आणि लोकशाही' असा भला मोठा विषय दिला आहे. विषय मोठा असला तरी आम्ही आज एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. माणूस हजर असतो आणि तरी मोजला जात नाही, हे कसं होतं?

आपल्या भागापासून सुरुवात करू. निगडीच्या पुढे देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथल्या विहारात आपल्या हातांनी स्थापन केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. आपण दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे जातो, रांगेत उभे राहतो, मेणबत्ती लावतो. पण त्या १९५४ सालात बाबासाहेबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती, ती फारशी कुणी सांगत नाही. त्या वर्षी ते भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक हरले होते. त्याआधी १९५२ साली, देशाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबईत हरले होते. ज्या माणसाच्या हातून या देशाच्या घटनेचा मसुदा तयार झाला, त्याला लोकांनी दोनदा घरी बसवलं. आणि १९५२ च्या पराभवानंतर, त्याच वर्षी २२ डिसेंबरला, हा माणूस पुण्यात येऊन वकील मंडळींपुढे बोलतो कशावर, तर लोकशाही यशस्वी व्हायची असेल तर समाजात काय काय असावं लागतं, यावर! फार मोठी विषमता नको, विरोधी पक्ष पाहिजे, कायद्यापुढे आणि कारभारात समानता पाहिजे, घटनेची नीती पाळली पाहिजे, बहुमतवाल्यांनी अल्पमतवाल्यांना चिरडता कामा नये, आणि ज्याच्यावर अन्याय झालेला नाही त्याचंही मन अन्याय पाहून पेटून उठलं पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. निवडणूक हरलो म्हणून 'राजकारण घाण आहे' असं ते म्हणाले नाहीत. आमची पोरं एकही निवडणूक न लढवता ते म्हणतात.

उलट १९५६ साली, शरीर पार थकलेलं असताना, त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा काढली. विद्यार्थी पंधरा. विधिमंडळात बोलायचं कसं, ठराव मांडायचा कसा, हे तिथे शिकवायचं होतं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ती शाळा बंद पडली. आपण बाबासाहेबांच्या नावाने किती शाळा, वसतिगृहं, वाचनालयं काढली. ही एक शाळा मात्र आपण पुन्हा उघडली नाही.

आता कुणी म्हणेल, विहारात राजकारण कशाला? इथे वंदना घ्यावी, ध्यान करावं. तर बंधूंनो, लोकशाही ही आपण विहारात बाहेरून आणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी देशाला हेच ऐकवलं, की बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सगळे सभेचे नियम भिक्खू संघाला माहीत होते. विनयपिटक उघडून पाहा. ठराव मांडण्याला ञत्ति म्हणत. महत्त्वाचं काम असेल तर ठराव मांडून तो तीनदा संघापुढे घोषित करत. विरोध असेल त्याने तोंडाने सांगायचा, गप्प राहिला तर त्याची संमती धरली जाई. वाद मिटलाच नाही तर शलाका वाटत, म्हणजे लाकडाच्या काड्या, आणि ज्या बाजूच्या काड्या जास्त तो निर्णय. गुप्त मतदानाचीसुद्धा पद्धत होती. काड्या वाटायला जो भिक्खू नेमायचा तो छंद, दोस, मोह आणि भय या चौघांच्या आहारी न जाणारा असला पाहिजे, असा नियम होता.

पण आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते उपोसथाच्या नियमांनी. संघाचं काम करायचं तर आधी सीमा ठरवायची. डोंगर, नदी, झाड, वारूळ, अशा खुणांनी हद्द आखायची. त्या हद्दीत जेवढे भिक्खू आहेत तेवढे सगळे मोजायचे. तिथला जुना रहिवासी असो की काल चालत आलेला पाहुणा भिक्खू असो, हद्दीत आहे ना, मग तो मोजायचा. एखादा आजारी असेल आणि येऊ शकत नसेल, तर त्याने दुसऱ्याकरवी आपली संमती कळवायची. तेही जमत नसेल तर त्याला बाजेवर घालून सभेत उचलून आणायचं. आणि हलवलं तर दुखणं वाढेल अशी स्थिती असेल, तर? तर अख्ख्या संघाने उठून त्याच्यापाशी जायचं! पण त्याला वगळून अपुऱ्या संघाने काम उरकायचं नाही. एका आजारी माणसासाठी सभा उठून त्याच्या खाटेशी जाते, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या निवडणूक आयोगाने पंच्याऐंशी वर्षांवरच्या म्हाताऱ्यांचं आणि चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांचं मत घरी जाऊन घ्यायची सोय २०२४ च्या लोकसभेला केली. चांगलं केलं. पण ती सोय यादीत नाव असलेल्यांसाठी.

हद्द आणि यादी, या दोन गोष्टी डोक्यात ठेवा आणि आमच्याबरोबर चाकणला चला.

मध्यंतरी खराबवाडीला एका नातेवाइकाकडे आमचं जाणं झालं. शेजारच्या चाळीत एका खोलीत सहा पोरं राहतात, कॉट बेसिसवर. तीन पहिल्या पाळीची, तीन रात्रपाळीची, म्हणजे कॉट कधी थंड होत नाही. त्यातला एक परभणी जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, आपल्याच समाजाचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आम्ही विचारलं, "बाबा रे, मतदान कुठं?"

"गावाकडं हाय, काका."

"विधानसभेला गेलता?"

"न्हाई. कंत्राटदार म्हणला, सुट्टी एक दिवसाची. एका दिवसात परभणीला जाऊन कसं यावं?"

"इथं पाणी येतं का रे रोज?"

"टँकर येतो. कधी येतो, कधी येत न्हाई."

"मग सांगता कुणाला?"

"घरमालकाला."

मित्रांनो, आम्ही त्या पोराला दोष दिला नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी मतदान झालं. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची पगारी सुट्टी द्यावी असा कायदाच आहे, तो रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. पण कायदा सुट्टी देतो एक दिवस, आणि त्याचं मत आहे रात्रभराच्या प्रवासावर. कायदा पाळला तरी मत बुडालं, नाही पाळला तरी बुडालंच.

आणि ते 'घरमालकाला' हे उत्तर आमच्या कानातून जाईना. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांच्या शिवारात मोठमोठे कारखाने उभे आहेत. बजाजचा कारखाना चाकणला १९९९ साली आला, फोक्सवॅगनचा २००९ साली. तिथे गाड्या जुळवणारी पोरं लातूर, नांदेड, परभणी, बुलढाण्याची, बिहार-उत्तर प्रदेशचीही. चाकणची नगरपरिषद झाली २०१५ साली, बाजूची गावं ग्रामपंचायतीच राहिली. आता एका चाळीत बारा खोल्या, आणि खोलीत सहा-सहा जण. पण ग्रामपंचायतीच्या यादीत त्या जागेवर नावं किती? मालकाच्या घरची चार. सरपंच कुणाचं ऐकेल? यात सरपंच वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. जो यादीत आहे त्याचं तो ऐकतो.

बाबासाहेबांचं वय सत्तावीस असताना, २७ जानेवारी १९१९ रोजी, ते साउथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. ती कमिटी मत कुणाला द्यायचं ते ठरवायला नेमलेली होती. म्हणजे त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचं पहिलं मोठं काम मताचंच. त्या काळी मत होतं जमीनसारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, ठरावीक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला. आपला माणूस यातल्या कुठल्याच खणात बसत नव्हता. पुढे २३ ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली ती आपल्या पुण्यातच. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितलं. तेव्हा पुष्कळ शिकल्या-सवरलेल्यांना ते वेडेपणाचं वाटलं होतं. ते मत १९५० च्या घटनेने आपल्या हातात दिलं. आणि आज चाकणच्या चाळीत आपण स्वतःहून जुनाच कायदा परत आणला आहे. मालकाला मत, भाडेकरूला नाही. इंग्रजाने आणलेला नाही, कुणी सक्तीही केलेली नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती आम्ही लपवणार नाही. त्या परभणीच्या पोराचं पुढचं वाक्य ऐका. तो म्हणाला, "काका, नाव इकडं आणलं तर आमचा बाप घरात घेणार न्हाई." का, तर गावात आपली घरं मोजकी. ग्रामपंचायतीला आपल्या वाड्याचा एक सदस्य निवडून यायचा तर एकेक मत लागतं. पोरगं नाव काढून घेऊन गेलं तर तिथला माणूस पडतो, मग समाजमंदिराचा रस्ता राहतो, स्मशानभूमीची जागा राहते. बापाचं चुकत नाही. आम्हीही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच कारणाने गावचं नाव काढलं नव्हतं, आणि इथल्या महापालिकेच्या दोन निवडणुका नुसत्या गॅलरीतून बघितल्या. त्यातल्या एका निवडणुकीत आपल्याच वस्तीतला एक चांगला कार्यकर्ता थोडक्या मतांनी पडला. नंतर आम्ही वहीत आमच्या गल्लीतली घरं मोजली. जेवढ्या मतांनी तो पडला त्याहून जास्त माणसं आमच्यासारखी, गावाकडे नाव ठेवून इथे राहणारी निघाली. त्या माणसाला त्यानंतर कित्येक दिवस आम्ही तोंड दाखवू शकलो नाही. त्याने कधी विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

तेव्हा आमचं मत असं झालं आहे. जो प्रत्येक निवडणुकीला एसटीने का होईना गावी जातोच, आणि दोन-चार वर्षांत परत जाणार आहे, त्याने नाव गावीच ठेवावं, बापाचं ऐकावं. पण जो इथेच लग्न करून राहिला, ज्याची मुलं इथल्या महापालिकेच्या शाळेत जातात, आणि जो गेल्या तीन निवडणुकांत गावी गेलेला नाही, त्याचं नाव गावच्या यादीत असून गावाला उपयोग नाही आणि इथे नसल्याने वस्तीलाही नाही. ते नाव नुसतं कागदावर मेलेलं आहे. दोन्हीकडे नाव ठेवणं हा तर गुन्हाच आहे, आणि तसं करा असं आम्ही कधी सांगणार नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस तिथला मतदार होऊ शकतो, कायदा फक्त 'सर्वसाधारणपणे राहतो' एवढंच विचारतो. खोली कुणाची ते विचारत नाही.

आता यादीची एक मेख सांगतो. मतदार म्हणून नाव घालायला पूर्वी वर्षातून एकच तारीख होती, १ जानेवारी. त्या दिवशी अठरा पूर्ण नसली तर वर्षभर थांबा. २०२२ सालापासून चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी आधीच अर्ज करून ठेवू शकते. हे चांगलं झालं. पण आपल्या महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, आणि त्यासाठी यादी धरली ती १ जुलै २०२५ ची. म्हणजे ज्यांनी दिवाळीनंतर, गल्लीत उमेदवार फिरायला लागल्यावर, "नाव टाकायचं राहिलं हो" म्हणून धावपळ केली, त्यांची गाडी कधीच सुटून गेली होती. निवडणुकीचा भोंगा ऐकू येतो तेव्हा यादीचं दार बंद झालेलं असतं, हे लक्षात ठेवा.

आणि ती निवडणूक तरी किती वर्षांनी झाली? आधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ चं. निवडून आलेल्या १२८ नगरसेवकांची मुदत १३ मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग तीनचा की चारचा, हद्दी पुन्हा आखायच्या की नाही, या घोळात पावणेचार वर्षांहून अधिक काळ आपल्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावलं तेव्हा कुठे चक्र फिरलं. या काळात सर्वसाधारण सभाही प्रशासक आणि स्थायी समितीही प्रशासकच! हजारो कोटींचा ठराव मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. प्रशासक माणूस म्हणून चांगला असेल, कामंही झाली असतील. पण ञत्ति मांडल्यावर गप्प राहायला किंवा बोलायला समोर संघच नाही, अशी ती सभा. देहूरोड कॅन्टोन्मेंटचं तर याहून वाईट. निवडून आलेलं बोर्ड २०२१ मध्ये गेलं. ३० एप्रिल २०२३ ला मतदान म्हणून जाहीर झालं, उमेदवार तयारीला लागले, आणि मार्चमध्येच ते रद्द झालं. जिथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली त्या गावची ही कथा. आमचं म्हणणं एवढंच की या सगळ्या काळात आपल्या वस्त्यांमधून, मिलिंदनगरातून, वेताळनगरातून, दापोडीच्या सिद्धार्थनगरातून, 'आमची निवडणूक घ्या' म्हणून किती मोर्चे निघाले? चौकातल्या कमानीच्या रंगावरून मात्र निघाले.

कुणी म्हणेल, मत न देणं हीसुद्धा एक भूमिका आहे. दलित पँथरने नव्हता का बहिष्कार घातला? घातला होता. हा प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. नामदेव ढसाळ म्हणजे आपल्याच खेड तालुक्यातल्या पूरचा माणूस. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, बाकीचेही तरुणच. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर त्यांनी बहिष्कार जाहीर केला, गावोगाव आपल्यावर होणाऱ्या अत्याचारांची दाद लागत नाही म्हणून. त्यासाठी वरळीला सभा घेतली, सभेवर दगड आले, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण जिवानिशी गेला. आणि सत्ताधारी काँग्रेसचा उमेदवार पडला, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. तो बहिष्कार बरोबर की चूक यावर आजही वाद घाला. पण तो सांगून-सवरून, रस्त्यावर उतरून, किंमत मोजून केलेला बहिष्कार होता. संघाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी उभं राहून 'मान्य नाही' म्हटलं. मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जाणं म्हणजे बहिष्कार नव्हे. ती गप्प बसून दिलेली संमती.

दुसरा आक्षेप गटबाजीचा. हा खरा आहे, आम्ही त्याचं समर्थन करणार नाही, आमचीही त्यात उमर गेली. फक्त १९९८ साल आठवा. त्या लोकसभेला रिपब्लिकन गट एकत्र आले, इतरांशी समझोता केला, आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे निवडून आले. चारही जागा खुल्या, एकही राखीव नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली आणि पुन्हा आपण विखुरलो. असो.

राखीव जागेचा विषय निघालाच आहे तर तरुणांना एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. पुणे करार झाला तो इथून हाकेच्या अंतरावर, येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ ला. स्वतंत्र मतदारसंघ सोडून देऊन बाबासाहेबांनी १४८ राखीव जागा पदरात घेतल्या. पुढे आपण बौद्ध झालो आणि त्या राखीव जागाच आपल्याला बंद झाल्या! १९६२ साली नागपूरच्या राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रद्द ठरवली. कारण काय, तर त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. आपल्या बापजाद्यांपुढे प्रश्न होता की कागदावर बौद्ध लिहायचं की निवडणूक लढवायची. १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने कायदा दुरुस्त केला तेव्हा हा पेच सुटला. म्हणजे बौद्ध म्हणून ताठ मानेने राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क आपल्याला मिळून चाळीस वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आपला पिंपरी विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. महापालिकेत १२८ पैकी २० जागा अनुसूचित जातींच्या, आणि एकूण जागांपैकी निम्म्या महिलांच्या.

त्या महिलांच्या जागांबद्दल माता-भगिनी रागावल्या तरी बोलतो. ताई निवडून येतात आणि फाईल घेऊन भाऊजी फिरतात. आपल्या विहारात पौर्णिमेला वंदना चालवणाऱ्या, वर्षावासात ग्रंथवाचन करणाऱ्या, भिशीचा हिशेब पै-पैने ठेवणाऱ्या बायका क्षेत्रीय कार्यालयात गेल्या की भाऊजींच्या मागे का उभ्या राहतात, हे आम्हाला कळत नाही. त्यांना येत नाही म्हणून नव्हे. कुणी खुर्ची पुढे करत नाही म्हणून. ती खुर्ची घरातल्या पोरांनी पुढे करायची आहे.

निवडणुकीला उभं राहायला महापालिकेत, ग्रामपंचायतीत वय एकवीस पुरतं. पण राखीव जागेला जात पडताळणी प्रमाणपत्र लागतं, आणि आपली पोरं ते काढायला निघतात अर्ज भरायच्या आठवड्यात. मग आजोबांचा शाळेचा दाखला, गावचं जुनं रजिस्टर, तहसील, अशी धावाधाव. ज्याच्या मनात पुढे-मागे उभं राहायचं आहे त्याने हा कागद शांततेच्या काळात करून ठेवावा. आणि सगळ्यांनीच उभं राहायला पाहिजे असंही नाही. कुणी यादी वाचावी, कुणी बूथवर बसावं, कुणी महापालिकेचं अंदाजपत्रक आणून आपल्या प्रभागाला काय आलं ते शोधावं. चाकणच्या बाजूला राहणाऱ्यांनी ग्रामसभेला जाऊन मागे का होईना बसावं. ज्याचं नाव तिथल्या यादीत आहे त्याला बोलायचा पूर्ण अधिकार आहे.

येत नाही म्हणू नका. चौदा एप्रिलची मिरवणूक पोलिसांच्या परवानगीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत तुम्ही पार पाडता. वर्गणीच्या पावत्या, हिशेब, कुठल्या गल्लीत कोण रुसलंय, कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे म्हणून तिथे डीजे बंद करायचा, हे सगळं तुम्हाला पाठ असतं. (डीजे मुळातच बंद करा हे आमचं जुनं गाऱ्हाणं, ते आज उगाळत नाही.) वॉर्डाचं राजकारण याहून फार वेगळं नसतं.

मतदानाच्या आदल्या रात्री मात्र ते शलाका वाटणाऱ्या भिक्खूचे चार शब्द आठवा. आपल्या भावकीतला आहे म्हणून मत, तो छंद. त्याला पाडायचा म्हणून याला मत, तो दोस. पाकीट आलं, अष्टविनायकाची ट्रिप झाली, म्हणून मत, तो मोह. खोलीचा मालक म्हणतो, नाहीतर खोली खाली करा, म्हणून मत, ते भय. आमच्या वस्त्यांत या चौघांपैकी मोहाचीच चर्चा फार होते. आम्हाला विचाराल तर चाकणपट्ट्यात भय जास्त आहे. मत गुप्त आहे, मशीनपुढे मालक नसतो, हे त्या पोरांना कुणीतरी शांतपणे सांगायला पाहिजे.

आता कामाचं. येत्या रविवारपासून सकाळच्या वंदनेनंतर दोन तास, इथे ग्रंथांच्या कपाटाशेजारी एक टेबल मांडणार आहोत. नवीन नावासाठी नमुना ६ आणि जागा बदललेल्यांसाठी नमुना ८ भरून दिला जाईल. ज्यांना मोबाइलवरून भरता येतं त्यांनी इतरांचे भरून द्यावेत. येताना जन्मतारखेचा पुरावा, एक फोटो, आणि राहत्या पत्त्याचा कागद आणा. भाडेकरार नोंदवलेला नसेल, लाइटबिल मालकाच्या नावाने असेल, तर परत जाऊ नका. नवीन नावाच्या अर्जाला पत्त्याचा कागद नसेल तर बीएलओने घरी येऊन खात्री करायची असते. तो येईल तेव्हा खोलीवर कोण असेल तेवढं पाळ्या बघून ठरवून ठेवा. आपल्या वस्तीच्या यादीभागाची छापील प्रतही टेबलावर असेल. त्यात मेलेल्यांची नावं आहेत, लग्न होऊन गेलेल्या लेकींची आहेत. त्या यादीवर घरोघर फिरून खुणा करायला आम्हाला दहा मुलं-मुली पाहिजेत. पाच मुली आताच उठल्या आहेत, त्यांची नावं भन्तेजींच्या शेजारी बसलेल्या ताईंनी लिहून घेतली. दाराशी अजून कोण आहे? या, आत या. पेन आहे का कुणाकडे?

जयभीम. नमो बुद्धाय.